एमसीजी: क्रिकेटचं मैदान की फूटीचं घर?

यारातीर | शनिवार, रात्री ९:४०

मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. इथे येण्याआधी एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) म्हणजे माझ्यासाठी बॉक्सिंग डे कसोटी, एवढंच होतं. २६ डिसेंबरला पहाटे गजर लावून उठायचं, बाबांबरोबर चहा घेत टीव्हीसमोर बसायचं. मैदान म्हणजे क्रिकेटचं, आणि आतून ओळखीचं.

पहिल्याच वर्षी जूनच्या एका गार दुपारी रिचमंड स्टेशनवर उतरले, तर हजारो माणसं मैदानाकडे चाललेली. काळ्या-पांढऱ्या मफलरी, आज्या, कडेवरची पोरं, व्हीलचेअरवरचे आजोबा. जूनमध्ये कसलं क्रिकेट? शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फूटी." म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. त्या दिवसापासून माझ्या मनातलं हे मैदान हळूहळू बदलत गेलं. गेल्या शनिवारी मुलाला घेऊन तिथली टूर केली आणि घरी आल्यावर वाटलं की हे सगळं लिहायलाच हवं. आपण मराठी माणसं या मैदानावर इतकं प्रेम करतो, पण त्याचा अर्धाच इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

सुरुवात रेल्वेपासून करते. मेलबर्न क्रिकेट क्लब १८३८ चा. त्यांचं आधीचं मैदान यारा नदीच्या दक्षिणेला होतं. ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेची रेल्वे मेलबर्न ते सँडरिज बंदर अशी टाकायचं ठरलं आणि तिचा मार्ग नेमका या मैदानातून गेला. क्लबाला जागा सोडावी लागली. १८५३ मध्ये गव्हर्नर ला ट्रोब यांनी नदीच्या उत्तरेची, पोलिसांचे घोडे चरायचे त्या कुरणातली जागा दिली. ज्या १८५३ साली आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेच हे साल. तिकडे रेल्वे आली, इकडे रेल्वेमुळे हे मैदान जन्माला आलं. पहिला सामना १८५४ च्या सप्टेंबरअखेर झाला.

ही जमीन मात्र मोकळी पडलेली नव्हती. वुरुंजेरी या इथल्या मूळ रहिवासी लोकांची ही भूमी, त्यांच्या जमण्या-नाचण्याची जागा. बाहेरच्या यारा पार्कमध्ये आजही एक जुनं झाड आहे. होडी किंवा भांडी करण्यासाठी त्याची साल काढलेली आहे आणि खोडावर तो लांबट व्रण तसाच आहे. टूरच्या आधी मुलाला मी तिथे घेऊन गेले.

आता फूटी. टॉम विल्स नावाचा माणूस, त्या काळचा इथला सर्वांत गाजलेला क्रिकेटपटू. शिक्षण इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत. जुलै १८५८ मध्ये त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावतात, त्यांचं अंग चालतं राहावं म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा. पुढच्या वर्षी, मे १८५९ मध्ये, त्याने आणि काही मित्रांनी बसून नियम लिहून काढले. म्हणजे आज ज्या खेळासाठी इथे लाख माणसं जमतात तो खेळ क्रिकेटपटूंच्या व्यायामासाठी सुरू झाला.

पण क्लबाने फुटबॉलला मैदानात पाऊल टाकू दिलं नाही. गवत खराब होईल ही भीती. म्हणून फुटबॉल बाहेर पार्कात, झाडांच्या मधे. आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १८७६ मध्ये क्लबाने प्रेक्षकांसाठी एक स्टँड बांधला, तो दुतोंडी! उन्हाळ्यात बसायची बाकं आतल्या क्रिकेटकडे तोंड करून आणि हिवाळ्यात फिरवून बाहेरच्या पार्कातल्या फुटबॉलकडे. लाकडी होता, १८८४ मध्ये जळाला. पण त्या एका स्टँडमध्ये या मैदानाचा सगळा स्वभाव आहे असं मला वाटतं. माणसं तीच, बाकं तीच, ऋतू बदलला की तोंड फिरवायचं.

त्याच स्टँडसमोर मार्च १८७७ मध्ये जगातली पहिली कसोटी झाली. चार्ल्स बॅनरमनच्या नाबाद १६५ (बोट फाटल्यामुळे परतावं लागलं म्हणून नाबाद), संघाच्या २४५. ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. बरोबर शंभर वर्षांनी, मार्च १९७७ मध्ये, त्याच मैदानावर शतकमहोत्सवी कसोटी झाली आणि ऑस्ट्रेलिया जिंकली तीही ४५ धावांनीच.

पुढे फुटबॉल आत आला, गर्दी आली, पैसा आला. आजचे जे प्रचंड स्टँड आपण टीव्हीवर पाहतो ते इतके मोठे का झाले याचं उत्तर फूटीत आहे. मोठ्या कसोटीला भरपूर माणसं येतात, पण वर्षातले थोडेच दिवस. फूटी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला असते. १९७० च्या अंतिम सामन्याला, कार्ल्टन विरुद्ध कॉलिंगवूड, १,२१,६९६ माणसं होती. मध्यंतराला कार्ल्टन ४४ गुणांनी मागे होती आणि १० गुणांनी जिंकली. इथले म्हातारे लोक तो सामना अजून काल झाल्यासारखा सांगतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे मैदान टिकलं आणि वाढलं ते दोन खेळांनी वाटून घेतलं म्हणून. एकट्या क्रिकेटने ते एवढं मोठं झालं नसतं. तुमच्या आठवणी, माहिती, मतं जरूर लिहा.

मैदानवेडा | शनिवार, रात्री १०:२५

यारातीर ताई, मस्त धागा. दुतोंडी स्टँड पहिल्यांदाच ऐकला!

एक भर घालतो. १८७९ च्या ऑगस्टमध्ये याच मैदानावर विजेच्या दिव्यांत रात्रीचा फुटबॉल सामना झाला होता. प्रयोगच होता, पण साल बघा. आपण १९८५ ची रंगीत कपड्यांतली, प्रकाशझोतातली स्पर्धा म्हणजे नवीन युग समजतो.

जुना_श्रोता | रविवार, सकाळी ७:१०

मी सोलापूरचा, वय ७१. मैदान कधी पाहिलं नाही, पण ऐकलं खूप आहे.

फेब्रुवारी १९८१, एमसीजीवरची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. पहाटे साडेपाचला खेळ सुरू व्हायचा. वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर खिडकीच्या गजाला टेकवून ठेवायचा, म्हणजे आवाज धरतो. चौथ्या दिवशी गावसकर ७० वर लिलीच्या चेंडूवर पायचीत. चेंडू बॅटला लागला होता असं त्यांचं म्हणणं. ते चेतन चौहानला हाताला धरून बाहेर न्यायला निघाले. तेव्हा ऐकताना छातीत धस्स झालं होतं. सामना सोडून देतात की काय! मॅनेजर विंग कमांडर दुराणी सीमारेषेपाशी आले आणि चौहानला परत पाठवलं. चौहान पुण्याच्या वाडिया कॉलेजचे, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, म्हणून आम्हाला जास्तच जवळचे. त्यांनी ८५ केल्या. पहिल्या विकेटची भागी १६५.

ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या. घावरीने डायसनला आणि लगेच पुढच्या चेंडूवर ग्रेग चॅपलला घेतलं. चॅपल शून्यावर, त्रिफळा. पाचव्या दिवशी कपिल दुखऱ्या मांडीनिशी आला. २८ धावांत ५. दिलीप दोशींच्या पायाचं हाड मोडलेलं, तरी टाकत होते. ऑस्ट्रेलिया ८३ सर्वबाद. त्या दिवशी मी कॉलेजला उशिरा पोचलो आणि वर्गात शिरताना सगळ्यांना मोठ्याने निकाल सांगितला. सरांनीही काही म्हटलं नाही.

त्याआधी ७७-७८ ला तिथेच चंद्राने (भागवत चंद्रशेखर) दोन्ही डावांत ५२ धावांत ६ असे घेतले. ऑस्ट्रेलियातला आपला पहिला कसोटी विजय. विश्वनाथचं ८१ मधलं ११४ विसरू नका, ते नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

यारातीर | रविवार, सकाळी ८:०२

काका, तुमचा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. "गजाला टेकवलेला ट्रान्झिस्टर" म्हणजे काय ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. फार छान लिहिलंत.

शिवाजीपार्क | रविवार, सकाळी ११:३०

धागा चांगला, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

बहुउद्देशीय स्टेडियम म्हणजे कुठल्याच खेळाला नीट न्याय नाही, हा आपल्याकडचा अनुभव. धावपट्टी मधे टाकली की प्रेक्षक मैदानापासून दूर ढकलला जातो. फुटबॉल बघायला गेलं तर खेळाडू मुंगीएवढे. आमच्या जिल्ह्याच्या स्टेडियममध्ये तर एकाच आठवड्यात शालेय खेळ, पोलीस भरती आणि सभा होते, आणि नंतर गवताच्या नावाने धूळ. एका मैदानाने एकाच खेळाचं असावं. मुंबईच्या ब्रेबर्नवर क्रिकेट बघितलेल्या माणसाला विचारा, गवत कसं राखलेलं असतं ते.

आठवा_चेंडू | रविवार, दुपारी १:१५

@शिवाजीपार्क, तुमचा अनुभव खरा आहे, मीही असंच स्टेडियम पाहून मोठा झालो. पण एमसीजीबाबतीत एक मोठा फरक आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानाला ठरलेलं माप नाही. ते लंबगोल असतं आणि लहान-मोठं चालतं. का? कारण तो खेळ क्रिकेटच्या मैदानांवरच वाढला. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. सॉकरसारखा आयताकृती पट्टा आखून बाकीची जागा वाया घालवावी लागत नाही. म्हणजे दोन खेळ एका भांड्यात कोंबलेले नाहीत, दुसरा खेळच त्या भांड्याच्या आकाराचा झालाय.

आणि धावपट्टी? १९५६ च्या ऑलिंपिकसाठी टाकली, संपल्यावर काढली. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठीही तसंच. कायमची ठेवली नाही. तिथेच आपलं आणि त्यांचं वेगळं होतं.

शिवाजीपार्क | रविवार, दुपारी २:०५

हा लंबगोलाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पटला. पण खेळपट्टी? सात महिने त्यावर बूट घालून माणसं नाचणार आणि डिसेंबरात कसोटी?

माती_आणि_मी | रविवार, सायं. ६:४८

हा माझा विषय. मी कृषी पदवीधर, गेली अनेक वर्षं हिरवळी आणि खेळपट्ट्यांचंच काम करतो. म्हणून जरा सविस्तर.

खेळपट्टी म्हणजे चिकणमाती, रोलरने दाबून दाबून दगडासारखी केलेली. मेलबर्नकडे मेरी क्रीक नावाच्या ओढ्याकाठची काळी माती वापरतात. आपल्या काळ्या रानाच्या मातीशी तिचं नातं आहे: ओली असताना फुगते, वाळली की भेगाळते. अशा मातीवर हिवाळ्याच्या पावसात फूटी खेळली की चिखल, आणि वाळल्यावर त्या कडक पट्ट्यावर पडणाऱ्या खेळाडूचे गुडघे-खांदे गेले. म्हणजे भांडण दोन्ही बाजूंनी. फूटीवाले म्हणणार आम्हाला लागतं, क्रिकेटवाले म्हणणार तुम्ही पट्टी तुडवता.

त्यावरचा उपाय म्हणजे ड्रॉप-इन खेळपट्टी. मोठ्या साच्यात, साधारण वीस सेंटीमीटर जाडीच्या थरात, मैदानाबाहेर वाढवायची. फूटीचा मोसम सप्टेंबरअखेर संपला की मधली हिरवळ काढून तिथे आणून बसवायची. उन्हाळा संपला की उचलून परत. एमसीजीवर १९९६ च्या सुमारास हे कायमचं सुरू झालं.

पण युक्ती जन्मली कुठे ते बघा. १९७७ मध्ये केरी पॅकरने बंडखोर स्पर्धा काढली तेव्हा त्याला क्रिकेटची नेहमीची मैदानं मिळेनात. मेलबर्नच्या उपनगरातलं व्हीएफएल पार्क हे निव्वळ फूटीचं मैदान त्याने घेतलं. तिथे खेळपट्टी नव्हतीच. मग जॉन मॅली या क्युरेटरने (खेळपट्टी तयार करणारा) काचघरात साच्यांमधे माती वाढवून क्रेनने आत आणून ठेवली. म्हणजे एमसीजीवरची आजची खेळपट्टी फूटीच्या मैदानाने क्रिकेटला दिलेली भेट आहे. यारातीर ताईंच्या म्हणण्याला हा माझ्याकडून पुरावा.

तोटेही सांगतो, लपवणार नाही. साच्यातल्या मातीला खालून जमिनीची साथ नसते. पाचव्या दिवशी जी नैसर्गिक झीज व्हावी, भेगा पडाव्यात, चेंडू खाली राहावा, ते होत नाही. २०१७ च्या बॉक्सिंग डे कसोटीत पाच दिवसांत जेमतेम २४ बळी पडले, कुकने नाबाद २४४ केल्या आणि आयसीसीने खेळपट्टीला "खराब" शेरा दिला. त्यानंतर त्यांनी मॅट पेज या नव्या क्युरेटरला आणलं, पट्टीवर गवत जास्त ठेवायला लागले. अजूनही दर वर्षी डोकं लावावं लागतं. मैदान वाटून घेण्याची किंमत असते, आणि ती मुख्यतः मातीला मोजावी लागते.

मैदानवेडा | रविवार, रात्री ८:३०

@माती_आणि_मी, हा प्रतिसाद जपून ठेवणार. मेरी क्रीक आणि काळं रान!

पणजीचा_पाऊस | सोमवार, सकाळी ९:२०

गोव्यातून वाचतोय. आमच्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर हीच ओढाताण पाहिली आहे. १९८९ ला बांधून झालं आणि त्याच वर्षी क्रिकेटच्या नेहरू कपात ऑस्ट्रेलिया-श्रीलंका सामना तिथे झाला. फुटबॉलची माती आणि क्रिकेटची माती एकाच जागी. २०१० चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसात वाहून गेला, त्यानंतर तिथे फुटबॉलच राहिला. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषकही तिथे खेळला गेला. गोव्यात फुटबॉलने ते मैदान जिंकलं याचा मला आनंद आहे, पण क्रिकेटवाल्या मित्रांचं दुःखही समजतं.

आणि १९५६ चा विषय निघालाच आहे तर नेव्हिल डिसोझा यांचं नाव इथे यायलाच हवं. गोव्याचे, मुंबईत खेळणारे. त्या ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ४-२ ने जिंकलो. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. तो सामना एमसीजीवर नव्हता, शेजारच्या ऑलिंपिक पार्कात होता. भारत त्या वर्षी फुटबॉलमध्ये चौथा आला. आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही.

यारातीर | सोमवार, दुपारी १२:१०

पणजीचा_पाऊस, मनापासून आभार. मी १९५६ बद्दल मुद्दाम लिहायचं ठेवलं होतं, ते आता लिहिते.

मेलबर्नला ऑलिंपिक मिळालं, पण मैदान कुठलं यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. एमसीजीचे विश्वस्त द्यायला तयार नव्हते. क्रिकेटचं मैदान खणून धावपट्टी टाकायची कल्पना त्यांना सोसेना. मधे कार्ल्टनचं मैदान ठरलं, तेही बारगळलं. १९५५ मध्ये ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज पाहणीला आले आणि संथ काम बघून स्पर्धा रोमला हलवायची धमकी देऊन गेले. शेवटी एमसीजीच. जुना एक स्टँड पाडून नवा ऑलिंपिक स्टँड उभा राहिला. १९५६ च्या सप्टेंबरात फूटीचा अंतिम सामना याच मैदानावर १,१५,८०२ लोकांपुढे झाला आणि २२ नोव्हेंबरला तिथेच उद्घाटन. ज्योत पेटवली १९ वर्षांच्या रॉन क्लार्कने.

टूरमध्ये आमच्या गाइडने (बहुतेक गाइड क्लबाचे स्वयंसेवक सदस्य असतात) समारोपाची गोष्ट सांगितली. जॉन विंग नावाच्या चिनी वंशाच्या, मेलबर्नच्याच पोराने आयोजकांना पत्र पाठवलं होतं: शेवटच्या दिवशी खेळाडूंनी देशवार रांगेत चालू नये, सगळ्यांनी मिसळून यावं. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून प्रत्येक ऑलिंपिकचा समारोप तसाच होतो.

आणि आपली हॉकी! अंतिम सामना, ६ डिसेंबर, पाकिस्तानविरुद्ध, एमसीजीवर. रणधीरसिंग जेंटल यांचा एकमेव गोल. कर्णधार बलबीरसिंग उजव्या हाताचं बोट मोडलेलं असताना खेळले. सलग सहावं सुवर्णपदक. क्रिकेटमध्ये तिथे आपला पहिला कसोटी विजय यायला अजून एकवीस वर्षं होती. म्हणजे एमसीजीवर तिरंगा पहिल्यांदा उंच गेला तो हॉकीमुळे. हे मला टूरच्या दिवशी कळलं आणि मैदानाच्या कठड्याला टेकून मी बराच वेळ उभी राहिले.

रेघोटी | सोमवार, रात्री ९:५५

पहिल्यांदाच प्रतिसाद लिहितेय, सांगलीहून.

८ मार्च २०२०, महिलांची टी-ट्वेंटी विश्वचषक अंतिम फेरी, एमसीजी, ८६,१७४ प्रेक्षक. आमच्या सांगलीची स्मृती मानधना सलामीला. आम्ही हरलो, ८५ धावांनी. मी तेव्हा बारावीत होते आणि घरी क्रिकेट खेळायला नको म्हणायचे. त्या दिवशी आजीने टीव्हीवर ते भरलेलं मैदान पाहिलं आणि म्हणाली, "एवढी माणसं पोरींचा खेळ बघायला आलीत होय?" दुसऱ्या दिवसापासून मला मैदानावर जायला कुणी अडवलं नाही.

आठवा_चेंडू | सोमवार, रात्री १०:३०

रेघोटी, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

माझ्याकडून तीन आठवणी, मराठी कोनातून. एक, अजित वाडेकर. १९६७-६८ च्या दौऱ्यात एमसीजीवर ९९ वर बाद. त्याच सामन्यात पतौडी मांडीचा स्नायू दुखावलेला असताना जवळजवळ एका पायावर खेळले, ७५ आणि ८५. दोन, १० मार्च १९८५, पाकिस्तानला हरवून जिंकलेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. गावसकर कर्णधार, रवी शास्त्री "चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स", आणि बक्षिसाची ती ऑडी गाडी. गाडीच्या टपावर-बॉनेटवर सगळा संघ, आणि मैदानाला फेरी. आमच्या दादरच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि त्याच्यासमोर चाळीस माणसं.

तीन, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०२०. ॲडलेडला ३६ वर गडगडलेलो, कोहली घरी परतलेला. रहाणेने एमसीजीवर ११२ केल्या, आपण आठ गडी राखून जिंकलो. सामनावीराला त्या वर्षी पहिल्यांदाच जॉनी मुलाग पदक दिलं. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला मुलगा ते गळ्यात घालून उभा होता. मुलाग कोण, ते किती जणांना माहीत होतं? यारातीर ताई, तुम्ही सांगा, टॉम विल्सचा धागा तिथेच जातो.

यारातीर | मंगळवार, सकाळी ७:४५

हो, तिथेच जातो.

१८६१ मध्ये क्वीन्सलँडमधल्या वसाहतीत टॉम विल्सच्या वडिलांची तिथल्या आदिवासींनी हत्या केली. १९ माणसं मारली गेली. त्यानंतर गोऱ्यांनी केलेल्या सूडात त्याहून कितीतरी जास्त आदिवासी मारले गेले. आणि पाचच वर्षांनी याच विल्सने पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेटपटूंच्या संघाला शिकवलं. १८६६ च्या बॉक्सिंग डेला तो संघ एमसीजीवर, हजारो लोकांसमोर, क्लबाविरुद्ध उतरला. त्यात जॉनी मुलाग होता. दोन वर्षांनी आदिवासींचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. परदेश दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा तो पहिला संघ, आणि मुलाग त्यातला सर्वोत्तम खेळाडू. पदकाचा नमुना त्या दौऱ्यातल्या पट्ट्याच्या बकलवरून घेतलाय.

विल्सचा शेवट वाईट झाला. दारू, कर्ज, मनाचा आजार. १८८० मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. बराच काळ त्याचं नाव कुणी फारसं काढत नसे. आता मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे, १८५८ मधल्या एका शालेय फुटबॉल सामन्यात पंच म्हणून उभा असलेला. बॅट घेतलेला पुतळा सहज करता आला असता. त्यांनी फुटबॉलचा केला, हे मला फार बरोबर वाटतं.

शिवाजीपार्क | मंगळवार, दुपारी ३:२०

माझं मत थोडं बदललं हे प्रामाणिकपणे लिहितो. पण एक प्रश्न. एमसीजीची जमीन सार्वजनिक, चालवतो क्लब, भाडं देतात फूटी आणि क्रिकेट संघटना. भांडणं होत नाहीत? आपल्याकडे सीसीआय (ब्रेबर्नचा मालक क्लब) आणि मुंबई क्रिकेट संघटनेचं तिकिटांवरून, जागांवरून बिनसलं आणि ब्रेबर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. १९७३ नंतर ब्रेबर्नवर कसोटी झाली ती थेट २००९ मध्ये, सेहवागच्या २९३ ची.

यारातीर | मंगळवार, सायं. ५:०५

होतात, आणि खूप होतात! फूटी लीगने सत्तरच्या दशकात या भांडणांतूनच व्हीएफएल पार्क हे आपलं वेगळं मैदान काढलं होतं. अंतिम सामनाही तिकडे न्यायचा होता, ते जमलं नाही. १९९१ चा एकच अंतिम सामना तिकडे झाला, तोही इथे नवा दक्षिण स्टँड बांधायला घेतला होता म्हणून. शेवटी लीगच एमसीजीकडे परत आली आणि व्हीएफएल पार्क बंद पडलं. तो दक्षिण स्टँड आता शेन वॉर्नच्या नावाने ओळखला जातो. मार्च २०२२ मध्ये वॉर्नला निरोप द्यायला मी मुलाला घेऊन तिथेच बसले होते.

युद्धाच्या काळात तर दोन्ही खेळ बाहेर होते. १९४२ पासून अमेरिकन सैनिक इथे राहायचे, "कॅम्प मर्फी" म्हणत. मग मरीन आले, मग ऑस्ट्रेलियन हवाई दल. स्टँडमधे खाटा लावलेल्या.

माती_आणि_मी | मंगळवार, रात्री ९:१५

एक राहिलं. मैफली! टेलर स्विफ्टचे फेब्रुवारी २०२४ चे तीन कार्यक्रम, दर रात्री सुमारे ९६ हजार माणसं. उन्हाळ्यात, मधल्या हिरवळीवर रंगमंच आणि खुर्च्या. आणि महिन्याभरात फूटी सुरू. त्या हिरवळीची काळजी घेणाऱ्यांची झोप उडाली असणार, हे मी अनुभवाने सांगतो.

आठवा_चेंडू | मंगळवार, रात्री ९:४०

तरी सर्वांत मोठी गर्दी ना क्रिकेटची ना फूटीची. १९५९ मध्ये बिली ग्रॅहम या धर्मप्रचारकाच्या सभेला सव्वा लाखाच्या वर माणसं होती. मैदानात गवतावरही बसलेली. इथल्या कसोटीच्या गर्दीचा विक्रम मात्र आता आपल्या नावाशी जोडलेला आहे. १९३६-३७ च्या ॲशेस सामन्याचा, ब्रॅडमनच्या २७० चा, एकूण ३,५०,५३४ प्रेक्षकांचा विक्रम २०२४ च्या भारताविरुद्धच्या कसोटीत मोडला. ३,७३,६९१.

जुना_श्रोता | बुधवार, सकाळी ६:५०

तीन दिवस रोज हा धागा वाचतोय. धाकटी मुलगी गेल्या वर्षी मेलबर्नला गेली, ती बोलावतेय. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. डिसेंबरात निघावं म्हणतो. यारातीर ताई, आमच्यासारख्या म्हाताऱ्याने कुठून आत जावं? पायऱ्या फार आहेत का? आणि ते व्रण असलेलं झाड स्टेशनपासून लांब आहे का?

यारातीर | बुधवार, सकाळी ७:३०

काका, नक्की या! जॉलिमाँट किंवा रिचमंड, कुठल्याही स्टेशनवर उतरलात तरी पार्कातून सपाट वाट आहे. आत लिफ्ट आहेत. झाड वाटेवरच आहे, मी दाखवीन. मला व्यक्तिगत निरोपात मुलीचा नंबर द्या. २६ डिसेंबरला सकाळी साडेनऊला रिचमंड स्टेशनच्या बाहेर मी आणि मुलगा उभे असू. ट्रान्झिस्टर घरी असेल तर घेऊन या, त्याला बघायचा आहे.

जुना_श्रोता | बुधवार, सकाळी ७:४१

आहे. अजून चालतो.